गाडीला अक्षत

जाहिरातीत माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीचे जेवढे फोटो होते तेवढे सगळे चांगले आले होते, आणि मला आधी त्याचाच राग आला. मुलाने चेन्नईहून फोनवर पाठवली होती ती जाहिरात. खाली लिहिलं होतं, ‘आई, मावशीने गाडी विकायला काढली,’ आणि पुढे रडक्या तोंडाचं चित्र. मी सांबाराला फोडणी देत होते. चष्मा शोधून वाचेपर्यंत मोहरीचा कोळसा झाला. कढई घासताना मी बहिणीलाच बोल लावले.

जाहिरात इंग्रजीत होती. गाडीचं इंजिन आणि खालचा सांगाडा इंग्लंडातल्या एका बड्या कंपनीचा. वरचं अंग मात्र लंडनच्या एका गाडीकारागिराकडून मुद्दाम सांगून, हाताने घडवून घेतलेलं. आत लाकडाची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, छप्पर कापडी आणि मागे दुमडणारं. असं अंग चढवलेली दुसरी गाडी जगात कुठे असल्याची माहिती नाही, असंही लिहिलं होतं. किंमत दिली नव्हती, ‘विचारल्यास सांगू’ असं होतं. विचारणाऱ्याला आधीच घाम फुटावा म्हणून तसं लिहितात, हे माझ्या नवऱ्याने मला समजावलं. त्यांची सगळी नोकरी ओरत्तनाडुच्या तालुका कचेरीत गेली, त्यामुळे कुठल्याही कागदामागचा हेतू त्यांना लगेच कळतो.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट आली. तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, माझ्या मुलाचं लग्न होतं, आणि त्याआधी ही गाडी गेली तर त्याचं जानवास कशातून करायचं?

जानवास म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तिकडे महाराष्ट्रात ते नसतं असं ऐकते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला कोट-पँट चढवायची, गळ्यात हार घालायचा, उघड्या गाडीत बसवायचं आणि पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापासून मंडपापर्यंत नादस्वर आणि तविलाच्या गजरात मिरवत आणायचं. गाडीत त्याच्याभोवती दोन्ही घरची पोरंटोरं कोंबलेली असतात. आम्ही तंजावरचे मराठी लोक तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो आणि इथून जे जे घेतलं ते इथल्यांपेक्षाही कडक पाळत आलो. गाडीची सोय खरं तर मुलीकडच्यांनी करायची. पण आमच्या गोतावळ्यातल्या मुलाला आतोबांचीच गाडी, हे मुलीकडचेसुद्धा मुकाट्याने मान्य करत.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्या वडिलांनी ही गाडी निलगिरीतला चहाचा मळा विकून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. आत्याला एकुलता एक मुलगा. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, म्हणून मी परकर नेसायला लागल्यापासून आत्या मला ‘माझी सून’ म्हणूनच हाक मारायची. पुढे पत्रिका बघितल्या. माझी जुळली नाही, धाकटीची जुळली. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. मला ओरत्तनाडुचं स्थळ आलं आणि धाकटी आत्याकडे गेली. माझा नवरा सोन्यासारखा माणूस आहे हे मी इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी भलतं काही समजायला नको. आतेभावावर माझं मन कधीच बसलं नव्हतं. तो बसल्या जागी घोरायचा. माझं मन गाडीवर बसलं होतं.

त्यानंतरची सगळी वर्षं माझ्या पोटात दुखत राहिलं, आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं. तिरुवैयारुला संगीताच्या उत्सवाला आम्ही दोघीही जायचो. मी मोपेडच्या मागच्या सीटवर, मांडीवर मुलगा, तोंडात धूळ. आणि धाकटी त्या लांबलचक हिरव्या गाडीतून, डोक्यावरचा मोगरासुद्धा न हलता. भरीस भर म्हणून तिच्या नवऱ्याने तिला गाडी चालवायला शिकवलं. त्या गाडीचा गिअर उजव्या हाताला, दाराला लागून आहे. भल्याभल्या ड्रायव्हरांना तो सापडायचा नाही. धाकटी तो बांगड्या न वाजवता टाकायची. ऐप्पसीत, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात, लाकडी चौकट फुगून दारं घट्ट बसायची, तेव्हा कुठल्या दाराला कुठे कोपर मारायचं हेही तिलाच ठाऊक होतं. लोक तोंडात बोटं घालून बघत राहायचे. मी शाळेत हिंदी शिकवत होते. चांगलं शिकवत होते. पण हिंदी शिकवणाऱ्या बाईकडे रस्त्यात थांबून कोण बघतो?

त्या हिंदीमुळे देवनागरी माझ्या हाताला वळली. आमच्यातले बहुतेक लोक मराठी बोलतात, पण त्यांना वाचता येत नाही. धाकटीलाही येत नाही. म्हणून तर मी हे इतक्या मोकळेपणाने लिहिते आहे.

आतोबांनी एक रीत पाडली होती. ज्याला जानवासासाठी गाडी हवी त्याने आतोबांकडे मागायची नाही. लग्नाची पहिली अक्षत कुलदेवाला, तशी दुसरी गाडीला. घरी यायचं, अंगणात जाऊन गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावायचं, वर विड्याची पानं, सुपारी, लग्नपत्रिका आणि अक्षता ठेवायच्या आणि ‘अमुक दिवशी यावं’ असं गाडीलाच सांगायचं. मग घरधनी आत बसून एकदा हॉर्न वाजवणार. म्हणजे आमंत्रण पोचलं. आतोबा म्हणायचे, माणसाने माणसाकडे मागितलं की मिंधेपण येतं, गाडीकडे मागितलं तर येत नाही. तेव्हापासून आमच्यातल्या प्रत्येक मुलाच्या लग्नात गाडीला अक्षत गेली, आणि गाडीने एकदाही नकार दिला नाही. धाकटीच्या दोन्ही मुलांची जानवासं तर तंजावरच्या चारही मुख्य रस्त्यांनी निघाली होती. धाकटीचे यजमान स्वतः गाडी चालवत होते, आणि मी त्या दोन्ही वेळा मागून चालत होते.

माझ्या मुलाचं मात्र जमता जमत नव्हतं. पत्रिका जुळली तर मुलगी परदेशात, मुलगी इथली तर पत्रिकेत खोट. दरम्यान धाकटीचे यजमान गेले. मुलगा चौतिशीत आला तेव्हा तिरुवैयारुच्या एका संगीत शिकवणाऱ्या घरातली, आमच्यातलीच, गोड गळ्याची मुलगी मिळाली. तारीख ठरली. मी घरोघर सांगून आले. आणि आठवड्याभरात ही जाहिरात.

मला वाटलं, मुद्दाम केलंय. तिच्या मुलांचं झालं, गावाचं झालं, आता माझ्यावर आलं तेव्हा विकायची घाई. थोरल्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमची राहायला जाणार होती म्हणे, घरही बंद करणार होती. हे ऐकूनही माझाच जळफळाट झाला. माझा मुलगा चेन्नईच्या पुढे गेला नव्हता.

“तिला फोन करून सरळ विचार,” नवरा म्हणाले.

“मी विचारणार नाही. मी अक्षत घेऊन जाणार. बघूं कशी नाही म्हणते.”

गेले तेव्हा फाटक उघडं होतं आणि गाडी अंगणात उन्हात काढलेली होती. एक माणूस तिच्याखाली निजला होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. दुसरा बाजूला उभा. पांढरे स्वच्छ बूट, गुळगुळीत दाढी, पोट बेताचं. मुलगी बघायला आलेल्या सासऱ्यासारखा तो गाडीकडे एकदा जवळून आणि एकदा लांबून बघत होता. धाकटी कॉफीचे पेले घेऊन बाहेर येत होती.

“ये अक्का,” ती म्हणाली. “हे कोयंबत्तूरहून आलेत. जुन्या गाड्या जमवतात. यांस आमची गाडी पसंत पडली.”

“पडेल नाही तर काय,” मी म्हटलं. चपला काढल्या, ताट घेऊन गाडीपुढे गेले. बॉनेटवर पाच बोटांनी हळद ओढली, मध्ये कुंकू लावलं, पानसुपारी ठेवली, पत्रिका ठेवली, वर मूठभर अक्षता टाकल्या. खालचा माणूस गडबडीने बाहेर सरपटला.

“अम्मा, अम्मा! हळद नको! तो मूळचा रंग आहे!”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून हळद लावतोय तिला आम्ही,” मी म्हटलं आणि गाडीकडे बघून मोठ्याने आमंत्रण दिलं. तारीख सांगितली, वेळ सांगितली. ‘घरचं कार्य आहे, अगत्य यावं’ हेही म्हटलं. गिऱ्हाइकासमोर, त्याच्या माणसासमोर, फाटकाशी उभ्या राहिलेल्या फुलवालीसमोर. आता धाकटीला मागे फिरता येणार नव्हतं.

तिने पेले कट्ट्यावर ठेवले, पदराला हात पुसले आणि दार उघडून आत बसली. हॉर्न एकदा वाजला, बदक ओरडावं तसा. मग उतरून तिने गिऱ्हाइकाच्या हातात कॉफी दिली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही, हीसुद्धा मला न मिळालेली एक गोष्ट आहे. तो कोयंबत्तूरवाला मात्र माझ्याकडे बघून खुदकन हसला. मला वाटलं, हळदीला हसतोय.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं अभिनयासकट करून दाखवलं. मी कशी गेले, तो कसा सरपटत आला, तिला हॉर्न वाजवायलाच कसा लागला. दोन दिवस मी खुशीत होते. मग तिरुवैयारुहून व्याही आले.

“तुमच्या बहिणीचं मन केवढं मोठं!” ते बसता बसताच म्हणाले. “विकायला काढलेली गाडी आमच्या जावयासाठी थांबवून धरली. अशी माणसं आता कुठे राहिली?”

मोठ्या मनाची बातमी गावभर झाली होती. देवळात, भाजीच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, जो तो मला थांबवून माझ्या बहिणीची स्तुती करायचा. व्याही तिच्याकडे फळांचं ताट घेऊन गेले, वर जरीची शाल. मी त्यांना अख्खा मुलगा दिला होता, आणि मला आली होती ती केळ्यांची एक फणी. मला मिरच्या झोंबल्या. मी जिंकले होते आणि टाळ्या तिला पडत होत्या.

लग्नाच्या चार दिवस आधी तिचा फोन आला.

“अक्का, जानवास दोनच रस्त्यांनी आणूंया. माणसाच्या चालीने गाडी चालवली की इंजिन तापतं. हे होते तेव्हां वेगळं होतं. रेडिएटर आतां म्हातारा झालाय.”

“तुझ्या मुलांच्या वेळी चार रस्ते झाले,” मी म्हटलं. “माझ्याच मुलाच्या वेळी दोन कां? त्याचा बाप तालुका कचेरीत होता म्हणून?”

ती म्हणाली, “सरि. चार.” ती कधी भांडत नाही. भांडली असती तर मी कदाचित तीनवर आले असते.

जानवासाच्या संध्याकाळी गाडी देवळापुढे आली तेव्हा, खरं सांगते, माझा ऊर भरून आला. धुऊनपुसून चकचकीत केलेली, दिव्यांना मोगऱ्याच्या माळा, मागे दुमडलेलं छप्पर. माझा मुलगा बदामी कोटात मागच्या सीटवर बसला, भोवती पोरं चढली, एक तर त्याच्या मांडीवरच उभं राहिलं. नादस्वरवाल्याने सूर लावला. मला वाटलं, झालं, आता कुणाचं काही देणं नाही आणि कुणाशी काही बरोबरी नाही. तेवढ्यात धाकटी पुढे होऊन चालकाच्या जागेवर बसली.

दुसरं कोण बसणार? तो गिअर दुसऱ्या कुणाच्या हाताला वळत नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण मी तिला तिथे कल्पनेत बसवून पाहिलं नव्हतं. गडद निळं कांचीपुरम, पांढरे झालेले केस घट्ट बांधलेले, नाकात हिरे. पाठ ताठ. पहिल्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्याभोवती फोनच फोन उभे राहिले होते. मोठ्या देवळाकडून परतणारे प्रवासी थांबले, दुकानांतून माणसं उतरून आली. ‘बघा, आजी चालवतेय! त्या काळची गाडी, आणि आजी चालवतेय!’ फोटोवाल्याचं वर उडणारं यंत्रसुद्धा तिच्याच डोक्यावर घिरट्या घालत होतं. नवऱ्या मुलाच्या गळ्यातला हार वाकडा झाला होता, तो सरळ करायला कुणी नव्हतं. नवऱ्या मुलाची आई मी, ती तर मागून चालत होते, हातात चांदीचं ताट, पायात नवी, चावणारी चप्पल. याही जानवासात मी गाडीच्या मागेच होते. माझ्या स्वतःच्या मुलाच्या जानवासात!

दुसरा रस्ता संपेपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिसऱ्या रस्त्यावर वळताना गाडीच्या नाकातून पांढरी वाफ निघाली. आधी लोकांना वाटलं, वरातीतला धूप आहे. मग खळखळ उकळल्याचा आवाज आला, गाडीने एक आचका दिला आणि ती भर रस्त्यात उभी राहिली. नादस्वर थांबलं.

मला आनंद झाला. मुलाचं काय होईल, मुहूर्ताचं काय होईल, विक्रीचं काय होईल हे नंतर सुचलं. आधी आनंद झाला, धाकटी चारचौघांत अडकली याचा. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. नुसती म्हणाली, “अक्का, ढकलावी लागेल.”

मुलगा उतरायला निघाला तशी सगळी म्हातारी मंडळी ओरडली. जानवासात नवऱ्या मुलाचा पाय मंडपाच्या दाराआधी जमिनीला लागता कामा नये. तो पुन्हा बसला. पोरंही उतरेनात, त्यांना ती गंमत वाटली. चौथा रस्ता रद्द झाला; कोपऱ्यावरून वळून सरळ मंडप गाठायचा ठरला. व्याही, माझे यजमान, तविलवाला, दोन रिक्षावाले मागे लागले. मी ताट विहिणीच्या हातात दिलं, चपला काढून गाडीच्या चाकाशेजारी टाकल्या, पदर खोचला आणि मीही हात लावला. मीच चार रस्ते मागितले होते.

माझ्या शेजारी कोयंबत्तूरवाला ढकलत होता. त्यालाही लग्नाचं आमंत्रण गेलं होतं. त्याचे पांढरे बूट शेणाने बरबटले होते आणि तो खुशीत दिसत होता.

“आता तुम्ही गाडी घेणार नाही,” मी धापा टाकत म्हटलं.

“का नाही? रेडिएटर तर बदलायचाच होता.” त्याने खांदा लावला. “अम्मा, तुमच्या मुलाच्या लग्नाची मी जितकी वाट पाहिली तितकी तुम्हीसुद्धा पाहिली नसेल.”

“तुम्ही कां?”

“सर गेले त्या वर्षी मी पहिल्यांदा फोन केला. मॅडम म्हणाल्या, आमच्या घरातला एक मुलगा राहिलाय, माझ्या अक्काचा. त्याचं जानवास झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. तेव्हापासून दर पोंगलला फोन करतो. पोंगलच्या शुभेच्छा, मुलाचं जमलं का? एकदा तर मीच एक स्थळ काढलं होतं. सेलमचं, तुमच्याच लोकांतलं. मॅडमनी सांगितलं नाही तुम्हाला?”

सांगितलं होतं. चांगलं स्थळ होतं, पत्रिकाही जुळत होती. धाकटीने आणलं म्हणून मी नाकारलं होतं.

“मग जाहिरात?”

“ती त्यांच्या थोरल्या मुलाने टाकली, तुमची तारीख ठरल्यावर. मी धावतच आलो. मॅडम म्हणाल्या, घाई नको, ताबा लग्नानंतर. आधी अक्का अक्षत घेऊन येईल, ती गाडीला घेऊ द्या. आम्ही तीन दिवस कॉफी पीत तुमची वाट बघत होतो.”

मी ढकलत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. समोर तिची ताठ पाठ दिसत होती, आणि तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते.

मंडपाच्या दारात मुलाची आरती झाली, तो उजवा पाय टाकून आत गेला, सगळी माणसं त्याच्यामागून आत गेली. निश्चयाचा विधी लगेच सुरू व्हायचा होता. गाडी बाहेर, भिंतीला लागून उभी होती, टपटप पाणी गळत होतं. धाकटी आतच बसून होती, दोन्ही हात मांडीवर. मी आत जायचं सोडून तिच्या दाराशी गेले.

“मजला आधी सांगायला काय झालं होतं?” मी विचारलं. आवाज चढलाच.

“काय सांगूं?”

“गाडी माझ्या मुलासाठी ठेवली होतीस म्हणून. मी तमाशा केला तुझ्या अंगणात. त्या माणसासमोर.”

“सांगिटलं असतं तर तूं म्हणाली असतीस, नको, आम्ही भाड्याची आणतों.”

मी अगदी हेच म्हणाले असते, याच शब्दांत. आत्या गेली तेव्हा तिची समई धाकटीने माझ्याकडे पाठवली होती, ‘ही तुझी’ म्हणून. मी तेल पुसून परत पाठवली. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ही गाडी घेऊन इस्पितळाच्या दारात उभी होती. मी ऑटो केली. तिने पाठवलेले आंबे मी शेजाऱ्यांत वाटले, आणि ते गोड निघाले हे शेजाऱ्यांकडून ऐकलं.

“मागून नेलंस तरच तुजला चालतं, अक्का,” ती म्हणाली. “तेही भांडून. म्हणून तूं यायची वाट पाहिली.”

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर मला उत्तर देता आलं असतं. मला पुन्हा हेवाच वाटला. मी इतकी वर्षं तिच्याकडे डोळे लावून बसले होते, तरी तिने मला जितकं ओळखलं होतं तितकं मी तिला ओळखलं नव्हतं.

तिने पलीकडे वाकून डाव्या बाजूचं दार कोपर मारून उघडलं.

“बैस जरा. इंजिन निवूं दे.”

मी अनवाणी होते, पाय काळे झाले होते, साडीला ग्रीस लागलं होतं. आत माझ्या मुलाचा निश्चय व्हायचा होता. मी वळसा घालून गेले आणि बसले. चामड्याची सीट गरम होती, जागोजाग तडकलेली, आणि पाठीला मुळीच आधार नव्हता. ही असली जागा! मी ते बोलून दाखवलं नाही.

“पुढल्या महिन्यांत मी जाणार,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“घर मोठं आहे त्यांचं. सून चांगली आहे. सगळे माझं ऐकतात.” तिने पदराने मान पुसली. “तिकडे मजशी भांडायला कोणी नाही, अक्का.”

मंडपाच्या दारात विहीणबाई आल्या, हातात माझं ताट. नवऱ्या मुलाची आई कुठे आहे म्हणून विचारू लागल्या, भटजी थांबलेत म्हणाल्या. मी आतूनच हात वर केला, “आले, आले,” म्हटलं, आणि उठले नाही.